सुभेदाराचा केसपेपर

"केसपेपर काढ," सिस्टर म्हणाल्या आणि हातातली वेताची टोपली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"कुणाचा काढू?"

"सुभेदाराचा."

सोमवार होता, सकाळचे साडेदहा. दसरा होऊन आठवडा झाला असेल. डॉक्टर लसीकरणाला गावोगाव फिरत होते, ते दुसऱ्या दिवशी येणार होते. तालुक्याच्या त्या जनावरांच्या दवाखान्यात मी एकटाच. माझ्या पदाचं सरकारी नाव व्रणोपचारक. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर नसले की डॉक्टरांसारखं तोंड करून बसायचं. वय सत्तावीस. जखमांचं काम मी शिकत होतो, तोंड करायचं शिकून झालं होतं.

मी टोपलीवरचा पंचा उचलला. आत पालथ्या पातेल्याएवढं कासव. काळी पाठ, तिच्यावर उंचवटे, आणि प्रत्येक उंचवट्यावरून पिवळ्या रेघा चहूकडे फुटलेल्या. त्यानं मान वर करून मला पाहिलं आणि फुस्स करून आत घेतली.

"यांचं नाव सुभेदार?"

"साळवे सरांनी ठेवलं. चाल बघशील तर कळेल. हुकूम सोडल्यासारखा चालतो."

सगुणाबाई साळवे यांना सगळा तालुका सिस्टर म्हणायचा. एकतीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातांत जन्मली होती. शांतवन साळवे सर त्यांचे यजमान, हायस्कूलचे पीटीचे मास्तर. मीही त्यांच्या शिट्टीवर डावं-उजवं केलेलं. दोन वर्षांपूर्वी सरांवरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, हे मला ऐकून माहीत होतं.

पेपरावर जनावरांची यादी छापलेली होती. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, इतर. मी 'इतर'वर खूण केली.

"काय होतंय?"

"पाच दिवस काही खात नाही. जास्वंदीचं फूल म्हणजे याचा जीव, लाल लुगडं दिसलं तरी फूल समजून पदर ओढायला येतो. तर परवापासून तोंडापुढं फूल धरलं तरी बघत नाही. दिवसभर घरात चकरा मारतो. दाराला धडका देतो. कोपऱ्यात जातो आणि मागच्या पायांनी फरशी खरवडत बसतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही अंगणात कोबा करून घेतला, सरांचा पाय घसरू नये म्हणून. तर हा कोबाही खरवडतो. बघ, नखं रक्ताळलीत."

एवढं सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. एकही गोष्ट लपवली नव्हती. हे मी आजही स्वतःला ऐकवतो.

"सिस्टर, तुम्ही घाबरू नका," मी म्हणालो. "मी भोयाचा पोरगा. नदीकाठी वाढलो. माझा बाप जाळ्यातून कासवं सोडवून परत पाण्यात टाकायचा. मऊ पाठीचं असतं, ते चावलं की सोडत नाही. काळं असतं, ते विहिरीत सोडतात. मला कासव काय नवीन आहे? याला पाण्याची ओढ लागलीय. किती वर्षं कोरड्यात ठेवलंय?"

"एकोणीस. वैदूंच्या पालावर अडलेली बाई सोडवली होती, तेव्हा तिच्या सासऱ्यानं दिलं. काडेपेटीत मावेल एवढं होतं."

"एकोणीस वर्षं पाण्याविना. बिचारं दारं ठोकणार नाही तर काय करणार?"

"पाणी तो ताटलीतून पितो रे," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच स्वतःला आवरलं. इलाज करणाऱ्याशी वाद घालायचा नाही ही त्यांची जन्माची सवय. "बरं. तू बघतोयस तर तू ठरव. पण जे करशील ते पेपरावर लिही. वेळ घालून."

"लिहितो की."

त्या उठल्या, पण गेल्या नाहीत. टोपलीच्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भागिनाथ, सरांना आता एकच शब्द येतो. ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"सुभेदार. बाकी सगळं गेलं. माझं नाव गेलं. पाणी हवं असलं की सुभेदार, रागावले की सुभेदार, प्रार्थनेत आमेनच्या जागी सुभेदार. मला सुरावरून कळतं. सकाळी दहाला हा त्यांच्या बुटापाशी जाऊन नाक घासतो आणि ते डाव्या हातानं त्याला फूल भरवतात. डॉक्टर म्हणाले होते, एक शब्द आहे तर उद्या दुसरा येईल. तो एक टिकवा." त्यांनी पंचा नीट केला. "याला काही झालं तर मी त्यांना काय सांगू, आणि ते काय म्हणतील?"

मी म्हणालो, "तुम्ही चारला या. तोवर पोहायला लागलेला असेल."

दवाखान्याच्या मागं जनावरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. कमरेएवढं पाणी, कडेनं हिरवं शेवाळ. अकरा वाजता मी सुभेदाराला दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं. तो क्षणभर वर राहिला, मग तिरका होत तळाशी गेला आणि तिथं चालू लागला. हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळूहळू, मान लांब काढून. मला वाटलं, रमला. एकोणीस वर्षांनी पाणी मिळालं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात खांदा सुजलेला एक बैल आला आणि मी त्याच्या मागं लागलो.

बैल गेला तेव्हा धुळाबा आलेला होता. हा म्हातारा धनगर. त्याच्या एका मेंढीच्या खुरात जखम होती आणि तो आठवडाभर रोज पट्टीला यायचा. मेंढीला पाणी पाजायला तो हौदाकडं गेला आणि तिथूनच म्हणाला,

"भागिनाथ, हौदात काय घातलंय?"

"कासव. नर्सबाईंचं."

"कशापायी?"

"पाण्यासाठी. कासव आहे ते."

धुळाबा वाकून बघत होता. "हे माळाचं कासव हाय, बाबा. आमच्या माळावर पावसाळ्यात गवतात चरत असत्यात ही. हे न्हाई पवत."

"कासव पोहत नाही?"

"पाय बघ की त्याचा. पडदा हाय का बोटात? ह्यो हत्तीचा पाय हाय."

मी पाय बघितलेच नव्हते. पाठ बघितली होती, मान बघितली होती, आणि उरलेलं सगळं माझ्या बापाच्या जाळ्यातून आणलं होतं. सुभेदार आता चालत नव्हता. हौदाच्या कोपऱ्यात तळाशी तो थांबला होता आणि त्याची मान बाहेर लोंबत होती.

मी कपड्यांसकट आत उतरलो. वर काढला तेव्हा त्याचे चारही पाय सैल होते. एरवी नुसता हात लावला तरी आत ओढून घेणारा प्राणी, मी मान धरली तरी धरू देत होता. घड्याळात अकरा वीस झाले होते. 'मी त्यांना काय सांगू' हा सिस्टरांचा प्रश्न माझ्या कानात होता.

मला एकच गोष्ट येत होती. वासरू जन्मताना पाणी प्यालं तर त्याला मागच्या पायांनी उलटं धरतात, नाकातोंडातलं काढतात आणि पुढचे पाय वरखाली करून छाती चालवतात. ते मी पाच-पंचवीस वेळा केलं होतं. मी सुभेदाराचं डोकं खाली केलं. धुळाबाला म्हणालो, "बाबा, धरा." त्यानं मेंढी सोडली आणि कासव धरलं. मी मान सरळ ओढून ठेवली. नाकातून पाणी आलं, त्यात शेवाळ होतं. मग मी पुढचे पाय आत दाबायचे, बाहेर ओढायचे, आत, बाहेर. धुळाबा एकदाच म्हणाला, "हात बदलू का?" मी नको म्हणालो. हात थांबले तर सगळं संपलं असं मला वाटत होतं.

बारा वाजून पाच मिनिटांनी माझ्या अंगठ्याखालचा पाय इवलासा आखडला. नंतर बराच वेळ काही नाही. मग त्यानं तोंड उघडलं आणि एक श्वास घेतला, इतका मोठ्यानं की मेंढी दचकली.

मी तिथंच चिखलात बसलो आणि रडलो. धुळाबानं तंबाखू मळायला घेतली, म्हणजे माझ्याकडं बघावं लागू नये.

चार वाजता सिस्टर आल्या. सुभेदार लिंबाखाली पोत्यावर पडलेला होता, डोळे मिटलेले. मी कपडे बदलले होते.

"कसा आहे?"

"अशक्तपणा आहे. चार दिवस इथंच ठेवावा लागेल. निरीक्षणाखाली."

सांगायचं मी दुपारभर ठरवलं होतं. वाक्यंही जुळवली होती. त्या समोर उभ्या राहिल्या आणि वाक्यं गेली. त्यांनी टेबलावरचा पेपर उचलला. 'दिलेला उपचार' या रकान्यात पहिली ओळ मी कोरी सोडली होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'दुपारी १२.०५. श्वास चालू.' त्या ओळीवर त्यांची नजर थांबली. मग पोत्यापाशी बसून त्यांनी करंगळीनं सुभेदाराचं नाक पुसलं, करंगळीकडं पाहिलं आणि ती पदराला पुसली.

"सर आज दिवसभर बोललेले नाहीत," त्या उठताना म्हणाल्या. "दहा वाजता बुटाकडं बघत बसले. तो एक शब्दही आज बंद आहे."

त्या गेल्यावर धुळाबा म्हणाला, "सांगितलं न्हाईस व्हय."

"सांगेन."

मंगळवारी डॉक्टर आले. त्यांना मात्र मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणात कासवाला अर्धं पान होतं, आणि त्या दिवशी मी गैरहजर होतो." त्यांनी कोंबडीच्या हिशेबानं एक इंजेक्शन दिलं आणि बाईंना काय सांगायचं ते तू सांग, म्हणाले. मी सांगितलं नाही. तेवढं सोडून बाकी सगळं केलं. तीन दिवस मी घरी गेलो नाही. दर दोन तासांनी श्वास मोजायचा, मान किती बाहेर काढतो ते बघायचं आणि पेपरावर लिहायचं. पेपर भरला तेव्हा मागं दुसरा जोडला.

धुळाबाची मेंढी निमित्ताला होतीच. पट्टी झाली तरी तो लिंबाखाली बसायचा आणि मला माळाची कासवं शिकवायचा. उन्हाळ्यात ती बाभळीच्या मुळाशी अशी गडप होतात की महिना महिना दिसत नाहीत. पावसाचा वास आला की एका दिवसात सगळी बाहेर. वाळलेलं हाड दिसलं तर कुरतडत बसतात. एकमेकांना पाठीनं ढकलून उलटं पाडतात. "आन् तुझ्या नदीतली ती मऊ पाठीची हायती, ती येगळी जात," तो म्हणायचा. "तुला कासव ठावं हुतं. हे कासव ठावं न्हवतं." बोलणं लागायचं, पण त्याच्या बोलण्यात कुठं टोचणी नसायची.

बुधवारी सुभेदारानं डोळे नीट उघडले. गुरुवारी सकाळी पोत्यावरून उतरून तो चार पावलं चालला. पण सिस्टरांनी आणलेलं फूल त्यानं तसंच राहू दिलं. सर जेवत नव्हते. सिस्टरांनी ते एकदाच सांगितलं, आवाज न चढवता, आणि मला वाटलं की आता त्या विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

गुरुवारी साडेतीनला तो लिंबाच्या पलीकडं गेला, जिथं माती मोकळी होती, आणि वळून उभा राहिला. मग मागच्या एका पायानं माती उकरायला लागला. एक पाय, मग दुसरा, मग पहिला. उकरलेली माती तो पायानंच अलगद बाजूला सारायचा. आपणच त्यानं ती जागा मुतून भिजवली आणि पुन्हा उकरू लागला.

"धुळाबा, हा मरायला जागा करतोय का?"

ही गोष्ट धुळाबानंही बघितलेली नव्हती.

तेवढ्यात सिस्टर आल्या. लांबूनच थांबल्या. मग जवळ येऊन खाली बसल्या, अगदी जमिनीला डोकं लावून त्यांनी मागून बघितलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "गरम पाणी ठेव." लगेच म्हणाल्या, "नको, राहू दे. कुणी हलू नका."

"काय झालं, सिस्टर?"

"या कळा आहेत."

पहिलं अंडं पडलं तेव्हा सव्वाचार झाले होते. पांढरं, लहान लिंबाएवढं. ते खड्ड्यात पडलं आणि सुभेदारानं मागचा पाय आत घालून ते हळूच सरकवलं, दुसऱ्याला जागा व्हावी म्हणून. अशी चार झाली. मग त्यानं, म्हणजे तिनं, खड्डा बुजवायला घेतला. पायानं माती ओढायची, पोटानं आपटून बसवायची. तासभर ते चाललं. आम्ही तिघं जागचे हललो नाही.

"एकतीस वर्षं मी बाळंतपणं केली," सिस्टर शेवटी म्हणाल्या. "आणि माझ्या घरातली बाई पाच दिवस दारं ठोकत होती, अंगणात माती शोधत होती, तर मी तिला अपचन समजून इथं आणलं. आधी अंगण मातीचं होतं तेव्हा ती केव्हातरी जाऊन उरकत असणार. आम्हाला पत्ता नाही."

"नराशिवाय अंडी?" मी विचारलं.

"कोंबडी देतेच की. यांतून काही निघायचं नाही." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या हसतही होत्या. "दोन दिवसांनी दोन अंडी उकरून मला दे. सरांना दाखवायला."

त्याच संध्याकाळी टोपली उचलून मीच त्यांच्या घरी गेलो. सर खिडकीपाशी खुर्चीत होते. पाठीवरून मला ओळखता आले नसते इतके वाळले होते. मी सुभेदाराला कोब्यावर सोडलं. ती हुकूम सोडल्यासारखी निघाली, थेट सरांच्या उजव्या बुटापाशी गेली, जिथं सरांना काही जाणवत नव्हतं, आणि नाक घासू लागली. सिस्टरांनी सरांच्या डाव्या हातात फूल दिलं. तिनं ते ओढून घेतलं आणि खाल्लं.

"तुमच्या सुभेदारानं चार अंडी घातली, सर," सिस्टर म्हणाल्या.

सर तिच्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा अर्ध्या बाजूनं हलू लागला, आणि मला कळायला वेळ लागला की ते हसताहेत. पीटीच्या मैदानावर ते कधी हसलेले मी पाहिले नव्हते. मग ते म्हणाले, "सुभेदार." पहिल्यांदा आश्चर्यानं. मग लाडानं. मग सिस्टरांकडं वळून, काहीतरी विचारल्यासारखं.

"हो," सिस्टर म्हणाल्या, "मलासुद्धा कळलं नाही."

त्याच आठवड्यात आम्ही अंगणाच्या कोपऱ्यातला कोबा फोडून माती मोकळी केली. ते काम मी मागून घेतलं.

दुसरा शब्द सरांना कधीच आला नाही. ते आणखी सहा वर्षं जगले आणि त्या एका शब्दावर त्यांचं सगळं भागलं. ते गेले तेव्हा सिस्टरांनी भाचीकडं सोलापूरला जायचं ठरवलं. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. आता असं कासव घरी पाळणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. कायदा तेव्हाही होता म्हणतात, पण आम्हाला त्याची खबर नव्हती. पुढं वनखात्याच्या माणसांनी समजावलं तेव्हा मी सुभेदाराला रीतसर त्यांच्या हवाली केलं. पण ती पुढची गोष्ट.

सोलापूरला निघताना सिस्टर दवाखान्यात आल्या आणि तीच वेताची टोपली त्यांनी टेबलावर ठेवली.

"केसपेपर काढू?" मी विचारलं.

"मी आणलाय." त्यांनी पिशवीतून बायबल काढलं आणि त्यातून घडी घातलेले दोन कागद. कागद मी ओळखले. "ही आजपासून तुझ्याकडं."

सहा वर्षं त्या घरी जाऊन मी चहा प्यायलो होतो आणि दर वेळी तसाच परत आलो होतो.

"सिस्टर, माझ्याकडं नका ठेवू. मी तिला त्या सोमवारी हौदात सोडलं होतं. बुडाली होती ती. माझ्यामुळं."

"माहीत आहे. नाकात शेवाळ होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. चिडले होते मी, भागिनाथ. तुझी नोकरी जावी असंही मनात आलं होतं." त्यांनी कागद उलगडले. "पण रोज येऊन हा पेपर वाचायचे. पहाटे दोन, श्वास चार. पहाटे चार, श्वास पाच. वॉर्डात माझ्या हाताखाली चाळीस पोरी काम करून गेल्या. 'माझ्या हातून कधी चुकलं नाही' म्हणणारीला मी अवघड पेशंट कधी दिला नाही. चुकून जी रात्रभर उशाशी बसली, तिलाच द्यायचे."

मी टोपलीकडं बघत राहिलो. आतून नखांचा आवाज येत होता.

"तेवढी ती ओळ भर आता," सिस्टर म्हणाल्या. "अपुरा पेपर मी पुढच्या पाळीला देत नाही."

कागद पिवळा पडला होता. वरच्या कोऱ्या ओळीत मी लिहिलं, 'सोमवार, सकाळी ११.००. हौदात सोडले. पाय पाहिले नाहीत.' खाली सही केली. सिस्टरांनी चष्मा लावून ते वाचलं, माझ्या सहीखाली आपली सही केली, आणि टोपली माझ्याकडं सरकवली.